मावशीचा आवाज आम्ही जगाला दिला

मी चित्रकलेच्या कॉलेजात आलो तो पत्रकं लिहून. दोन वर्षं एका विद्यार्थी संघटनेसाठी फीवाढीवर, वसतिगृहातल्या पाण्यावर, कशाकशावर लिहीत होतो. लिहायचं, छापायचं आणि सीबीएसच्या स्टँडवर बसमधून उतरणाऱ्यांच्या हातात कोंबायचं. त्यामुळे कॉलेजात पाऊल ठेवल्या ठेवल्या मला अन्याय दिसायला लागला. तो दिसला पोर्ट्रेटच्या वर्गात.

तिथे एक मावशी बसायची. चाळिशीची असेल. आम्ही पंचवीस जण गोल करून तिला काढायचो. पहिल्या दिवशी सर तिच्या पायांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने रेघ मारायचे. मधल्या सुट्टीनंतर ती येऊन बरोबर त्या रेघांत पाय ठेवायची आणि मान पहिल्यासारखी वळवायची. पाऊण तास बसायचं, दहा मिनिटं सुट्टी, परत पाऊण तास. सर विचारायचे, "मॉडेल आली का?" प्लॅस्टरचे पुतळे कपाटातून काढायचे असले की त्याच सुरात म्हणायचे, "मॉडेल बाहेर काढा." माझं डोकं फिरायचं. जिवंत बाई आणि प्लॅस्टरचं मुंडकं, दोन्हीला एकच शब्द! तिला काय वाटतं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. पत्रक लिहिणाऱ्याला ते आधीच माहीत असतं.

दोन हजार साल उलटून दोनतीन वर्षं झाली होती. दुसऱ्या शहरातल्या एका कला महाविद्यालयाचं पत्र आलं. चार कॉलेजं मिळून इंटरनेटवर 'रेडिओ' करायचा. खऱ्या रेडिओला सरकारचा परवाना लागतो, तो आम्हाला कोण देणार? म्हणून प्रत्येकाने आपल्या गावातले आवाज रेकॉर्ड करून एका वेबसाइटवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी ते उचलून कापायचे, जोडायचे, उलटे वाजवायचे, काय वाटेल ते करायचं. साइट त्या कॉलेजातल्या एका मुलाने बनवली होती, पासवर्ड त्याच्याकडे.

आमच्याकडून दोघं होतो. मी, आणि माझ्या वर्गातली एक मुलगी, जिला कॉम्प्युटर कळायचा. कॉलेजात कॉम्प्युटर एकच, आणि नेट जोडलं की ऑफिसचा फोन एंगेज. क्लार्क जिन्यावरून ओरडायचे, "ए रेडिओवाले! ठेवा खाली तो फोन, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या घरून फोन येणारे!" एक गाणं वाजून संपेल एवढी फाइल चढवायला दीड तास लागायचा, आणि मध्येच लाइन गेली की पहिल्यापासून.

सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक जाहीरनामा करायचं ठरलं, आणि तो लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी लिहिलं: "येथे टाकलेला आवाज कुणाच्याही मालकीचा नाही. तो कुणालाही परत घेता येणार नाही." बाकीच्या तिन्ही कॉलेजांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे तशा ईमेल पाठवल्या. मला फार भारी वाटलं.

बाकीच्या कॉलेजांचे आवाज यायला लागले. पाण्याचा नळ, लिफ्टचा दरवाजा, कबुतरं. मी चिडलो. म्हटलं, देशात माणसं मुकी करून ठेवलीत आणि हे लिफ्टचा दरवाजा ऐकवतात! आपण माणूस देऊ. आणि मावशीकडे गेलो.

ती मागच्या पायरीवर डबा खात होती. मी टेपरेकॉर्डर पुढे धरला.

"मावशी, तुमच्यावर होणाऱ्या अन्यायाबद्दल बोला."

"कुठला रं अन्याय?"

"हेच, तासन् तास बसवून ठेवतात."

ती हसली. हसता हसता तिला खोकला आला. तिचा खोकला वेगळा होता, आधी दोन बारीक आणि मग एक मोठा, जणू कुणीतरी दार वाजवून आत आलं. "अरे बाबा, बसवून ठेवत्यात म्हणूनच येते मी! घरी मला कोण बसू देतंय? पहाटं शेवंती तोडा, मग कोबीची खुरपणी, मग भाकऱ्या. जरा टेकलं की सासू म्हणती, पाय मोडले का तुझे? आणि हितं सर काय म्हणत्यात? हालू नका म्हणत्यात! मी तर उघड्या डोळ्यांनी झोपते. तुम्हाला वाटतं बाई विचारात हाय."

"घरी माहिती आहे?"

"घरी सांगितलंय झाडलोट करते म्हणून. नुसती बसते म्हटलं तर कोण सोडंल? दीर तर असा हाय, जेवताना भाजी वाईट झाली तर ताट सरकवत नाय, नुसता माझ्याकडं बघत बसतो. मी पण त्याच्याकडं बघते. बघू आधी कोण पापणी पाडतं. तिथंच शिकले मी हे काम!"

नऊ मिनिटं बोलली. अन्यायाचा एक शब्द नाही. आम्हाला ते इतकं आवडलं की मी माझा मुद्दा सोडून दिला. मुलगी म्हणाली, "पण हे टाकायचं? तिच्या घरचं आहे सगळं." मी म्हटलं, "नाव कुठे आहे? गाव कुठे आहे?" संघटनेत आम्हाला पहिला धडा हाच शिकवलेला. साक्ष देणाऱ्याचं नाव गाळा, गाव गाळा, मग त्याच्या केसाला धक्का लागत नाही. पत्रकात ते खरंच होतं. दोन वर्षांत आमच्या पत्रकातला एकही माणूस कुणाला सापडला नव्हता. मी टेप नीट ऐकून सासरच्या गावाचा उल्लेख कापला. मावशीला विचारलं, "टाकू का इंटरनेटवर?" ती म्हणाली, "टाक की." इंटरनेट म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

साइट कुणी ऐकत नव्हतं. ऐकणार कोण? म्हणून वार्षिक प्रदर्शनाला आम्ही ठरवलं की आकाशातून नाही तर नाही, भिंतीवरून रेडिओ करू. मांडववाल्याकडून दोन भोंगे आणले, कंपाउंडच्या भिंतीवर रस्त्याकडे तोंड करून बांधले आणि चारही कॉलेजांचे आवाज लावून दिले. लोक थांबायचे, लिफ्टचा दरवाजा ऐकून पुढे जायचे. मग मावशी लागली आणि लोक थांबायला लागले. सायकली टेकवून हसत होते. मला वाटलं, ही खरी क्रांती.

भाजीचा लिलाव आटोपून रिकामा परतणारा एक टेम्पो रस्त्याच्या कडेला थांबला. ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस उतरला. पांढरी टोपी, पायात चिखलाळ चपला. भिंतीखाली उभा राहून त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग आत आला आणि माझ्यासमोर हात जोडले.

"साहेब, हा आवाज कुणाचा?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "माफ करा काका, आम्ही नाव सांगत नाही."

"नका सांगू," तो म्हणाला. "वहिनी हाय माझी."

 मला काही सुचत नसलं की मी भाषण करतो. म्हटलं, काका, तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे, हे फक्त या भिंतीवर नाही, इंटरनेटवर आहे, जगात कुठूनही कुणीही ऐकू शकतं. तो माझ्याकडे बघत राहिला. पापणी पाडली नाही. मग म्हणाला, "जगात?" आणि गेला.

सोमवारी मावशी आली नाही. खडूच्या रेघा जमिनीवर तशाच होत्या आणि सरांनी आम्हाला त्या खुर्चीत कपडा टाकून त्याचंच चित्र काढायला लावलं. दुसऱ्या सोमवारीही तेच.

मग आम्ही दोघं ऑफिसातून पत्ता काढून मावशीच्या गावी गेलो. एकलहऱ्याच्या पुढे उतरून बरंच चालावं लागतं. मी रात्रभर बसून श्रमप्रतिष्ठेवर तीन पानं लिहून नेली होती. मावशी शेवंतीच्या वाफ्यात वाकली होती. आम्हाला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आला का रेडिओ!"

"मावशी, आम्ही नाव घेतलं नव्हतं हो..."

"नाव नाय घेतलं. मग माझा खोकला कुणाचा होता रं? गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा वळखंल. वीस वर्षं ह्या घरात खोकतीय मी." ती रागावली नव्हती, हेच वाईट. "मुलगी तरी हुशार वाटली होती," ती माझ्या वर्गातल्या मुलीकडे बघून म्हणाली. मुलगी रडायला लागली. मावशीने तिच्या ओटीत मूठभर फुलं टाकली, जशी एखाद्या लहान पोरीला गप्प करायला टाकतात.

दीर बांधावर आला. मला वाटलं आता भांडण होईल, आणि खरं सांगतो, मला भांडणच हवं होतं. भांडणाची मला सवय आहे. पण त्याने चहा सांगितला, सतरंजी अंथरली. माझी तीन पानं घेतली, घडी केली आणि खिशात ठेवली.

"बसायचं काम हाय तर बसू द्या," तो म्हणाला. "मला वाटलं होतं झाडते. बसते, तर बसंना का. शिकलेल्या पोरांत बसते. पण घरातलं रस्त्यावर? माझं ताट रस्त्यावर? बाजारात लोक मला इचारत्यात, काय रे, पापणी कुणी पाडली! आईनं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलंय. ते जगातलं बंद करा. मला दाखवा बंद झालेलं. मग सोमवारपासून तिला मी सोडतो टेम्पोनं, दारापर्यंत."

 मावशी माझ्याकडे बघत होती. तिला परत यायचं होतं. ते इतकं सरळ दिसत होतं की मी लगेच म्हणालो, "होऊन जाईल."

झालं नाही. साइट बनवणाऱ्या मुलाचा कोर्स संपला होता, तो परदेशी गेल्याचं कळलं. त्याला पाठवलेली मेल परत आली, पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. साइट फुकटातल्या जागेवर होती; त्या कंपनीला मी चार वेळा लिहिलं, चारही वेळा तेच आपोआप येणारं उत्तर. मग बाकीच्या कॉलेजांना लिहिलं, निदान तुम्ही तरी तुमच्याकडचं पुसा. एका मुलीचं उत्तर आलं. तिने मावशीचा खोकला वेगळा काढून त्याचा ठेका केला होता, त्यावर आणखी दोघांनी काम केलं होतं, आणि ते सर्वांना फार आवडलं होतं. पुसायचं म्हणशील तर, तिने लिहिलं, तूच लिहिलंयस ना. आणि खाली माझ्या जाहीरनाम्यातली ती दोन वाक्यं चिकटवली होती. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच वाटत होतं की माझी वाक्यं मला आवडतील.

मी कुणाविरुद्ध मोर्चा काढणार होतो? कॉलेज शुंभासारखं गप्प होतं. दीर माझ्यापेक्षा समजूतदार होता. कंपनी कुठल्या देशात आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

एका दुपारी लिलाव उरकून दीर कॉलेजच्या फाटकाशी आला. "दाखवता का?" मी खरं सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. त्याला जवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेलो. त्याने चपला बाहेर काढल्या. मालक म्हणाला, "काका, घालून या," पण तो अनवाणीच खुर्चीत बसला, हात मांडीवर, ताठ. मी पत्ता टाइप केला. पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग पांढरं पान उघडलं आणि वर इंग्रजीत आलं की हे पान दाखवता येत नाही.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"पान दाखवता येत नाही, असं."

"म्हणजे बंद झालं?"

मागून मालक ओरडला, "ए, सगळ्यांनी थांबा रे, लाइन गेलीय! येईल पाच मिनिटांत!"

दिराने मागे वळून बघितलं. लाइन म्हणजे त्याला विजेची लाइन वाटली असावी. त्याने वरच्या पंख्याकडे बघितलं, पंखा चालू होता. परत माझ्याकडे बघितलं. 'नाही काका, बंद झालेलं नाही,' एवढंच म्हणायचं होतं; इतकं सोपं वाक्य मला आयुष्यात कधी बोलावं लागलं नव्हतं. मी उठलो आणि म्हणालो, "चला काका, चहा घेऊ." तो चपला घालताना म्हणाला, "पोरा, शब्दाला जागलास." टपरीवर चहा त्यानेच पाजला.

सोमवारी टेम्पो दाराशी आला आणि मावशी आली. सरांनी नवी रेघ मारली. तिने पाय ठेवले, मान वळवली. मी तिच्या अगदी समोर बसलो होतो. सर दुसऱ्या टोकाला गेल्यावर तिने ओठ न हलवता विचारलं, "बंद हाय ना रं?"

"हो."

त्याच संध्याकाळी मी कॅफेत जाऊन बघितलं. पान उघडलं, आवाज होता. पुढच्या महिन्यात बघितलं, होता. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षापर्यंत मी बघत राहिलो. मावशी दर सोमवारी, बसल्या बसल्या, सर लांब गेले की तेवढंच विचारायची. दुसरं काही बोलायची नाही. सुट्टीतसुद्धा डबा एकटीच खायची, आणि खोकला आला तर पदर तोंडात धरून बाहेर जायची. मी 'हो' म्हटलं की तिचे खांदे हळूच खाली यायचे, आणि सर म्हणायचे, "हां, आता छान बसल्या. काढा."