साफसफाईला अरबीत काय म्हणायचं?

“खलास,” अबू फैसल म्हणाले आणि उठून उभे राहिले.

या एका शब्दाला दुभाषा लागत नाही. अरबीत त्याचा जो अर्थ, तोच मराठीत. बोलणी खलास, करार खलास. माझा इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, याच प्रोजेक्टवर होता. म्हणजे तोही जवळजवळ खलास.

मी टेक्निकल इंटरप्रिटर. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. पुण्यात नोकरी करता करता संध्याकाळच्या क्लासला जाऊन जपानी शिकलो. वडील म्हणायचे, “त्यापेक्षा जर्मन शीक, काहीतरी उपयोग होईल.” उपयोग झाला तो रियाधमध्ये. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मलाझ भागातल्या एका कंपनीने हुफूफमध्ये मशिनिस्ट तयार करणारी ट्रेनिंग इन्स्टिट्यूट काढायची ठरवली होती. मदत जपानी लोकांची. इन्स्टिट्यूटचे होणारे शिक्षक, म्हणजे सहा सौदी तरुण, आधी सहा महिने जपानला जाऊन शिकणार, मग परत येऊन इथल्या मुलांना शिकवणार, अशी योजना होती.

सौदी बाजूचे प्रमुख अबू फैसल. अबू फैसल म्हणजे फैसलचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची पद्धत आहे. माणूस उमदा, आवाज मोठा. जपानी बाजूचे सल्लागार मोरिता-सान, म्हणजे मोरितासाहेब. निवृत्त डिप्लोमॅट, सत्तरीचे, सडसडीत. त्यांना इंग्रजी उत्तम यायचं, पण औपचारिक मीटिंगमध्ये ते फक्त जपानी बोलत. मग मी त्याचं इंग्रजी करायचं आणि माझ्या शेजारी बसलेला हानी, हा इजिप्तचा, माझ्या इंग्रजीचं अरबी करायचा. आमच्या धंद्यात याला रिले म्हणतात. सहभोजनात पळीतून वाटीत आणि वाटीतून पानात वाढावं तसं. थोडं सांडतंच.

त्या सकाळी जे सांडलं ते असं. मोरिता-सान म्हणाले, “पहिला महिनाभर तुमचे तरुण रोज मशीनची साफसफाई करतील. स्वतःच्या हाताने. मशीन चालवायचं नंतर.”

मी म्हटलं, “क्लीनिंग.” हानी म्हणाला, “तन्झीफ.” शब्द दोन्ही बरोबर. पण तन्झीफ म्हटल्यावर तिकडे डोळ्यांसमोर येतो तो हातात झाडू घेतलेला, पिवळ्या कपड्यातला परदेशी माणूस.

अबू फैसल आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की कोणीच चेष्टा करत नाहीये.

“ही चांगल्या घरातली मुलं आहेत,” ते म्हणाले. “मी त्यांच्या बापांना काय सांगू? तुमच्या पोराला फरशी पुसायला जपानला पाठवतोय?”

“फरशी नाही, मशीन,” मोरिता-सान म्हणाले.

“मशीन पुसायला आमच्याकडे माणसं आहेत.”

“म्हणूनच मी हे म्हणतोय.”

हे शेवटचं वाक्य मी हानीला इंग्रजीत दिलं तेव्हा त्याने माझ्याकडे ‘हे नक्की सांगू?’ अशा नजरेने पाहिलं. मी होकाराची मान हलवली. त्याने सांगितलं. आणि मग ते खलास आलं.

तेवढ्यात बाहेर अजान झाली. दुपारच्या नमाजाची वेळ. सगळे सौदी सहकारी उठून गेले, हानीही गेला. खोलीत उरलो मी आणि मोरिता-सान, आणि मध्ये खजुरांचं ताट. सौदीतल्या मीटिंगांची ही एक चांगली सोय होती. भांडण कितीही पेटलं तरी नमाजाला थांबायचं. अर्ध्या तासात माणसं तोंड धुऊन, गार होऊन परत येत.

मोरिता-सान खजूर चावत होते. त्यांचा चेहरा कराराच्या आधी आणि करार मोडल्यावर सारखाच दिसायचा.

“जोशी-सान,” त्यांनी विचारलं, “तुमच्या शाळेत वर्ग कोण झाडायचं?”

“शिपाई.”

“आणि तुम्ही?”

“मी पहिल्या बाकावर बसायचो.”

ते मोठ्याने हसले. पहिल्यांदाच. मग म्हणाले, “अबू फैसलसाहेबांचं चूक आहे असं मला वाटत नाही. आमचीही हीच रड होती.”

आणि त्यांनी मला त्यांच्या धंद्यातली, म्हणजे डिप्लोमॅट लोकांची, जुनी गोष्ट सांगितली. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी जपानने आपलं निम्मं सरकार बोटीत बसवून अमेरिकेला आणि तिथून युरोपला पाठवलं. मंत्री, राजदूत, अधिकारी, काही विद्यार्थी. हेतू असा की जुने जाचक तह बदलून घ्यायचे. ते काही जमलं नाही. मग हे लोक दोनेक वर्षं नुसतं बघत हिंडले. शाळा, तुरुंग, कापडगिरण्या, टपाल. पॅरिसमध्ये तर जमिनीखालची गटारं बघायला उतरले. परत आल्यावर आपल्या देशात यातलं काय घ्यायचं आणि काय नाही, ते ठरवायचं होतं.

“ही माणसं तलवारी लावणाऱ्या घराण्यांतली,” मोरिता-सान म्हणाले. “पैशाला हात लावणंसुद्धा हलकं मानणारी. त्यांच्या प्रमुखांनी जाताना किमोनो घातला होता, डोक्यावर केसांचा बुचडा होता. अमेरिकेत वाटेत कुठेतरी त्यांनी तो कापून टाकला. काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पण त्यांची खरी अडचण बुचड्याची नव्हती. शब्दांची होती.”

“कसली?”

“समोर दिसतंय, पण नाव नाही. ‘सोसायटी’ला आमच्याकडे शब्द नव्हता. गाव होतं, घराणं होतं, मालक-नोकर होते. सगळी माणसं मिळून जे होतं त्याला शब्द नव्हता. त्या काळात तो नवा पाडावा लागला.”

मी म्हटलं, “आमच्याकडे सोसायटी म्हणजे बिल्डिंग. पाणी कधी येणार यावरून भांडायची जागा.”

“मग तुमचा अर्थ जास्त बरोबर आहे,” ते म्हणाले.

मी थोडा धीट झालो. “साहेब, तुमच्या फॅक्टरीत साफसफाईला एवढं महत्त्व का?”

“हात फिरवल्याशिवाय कळत नाही. कुठे तेल गळतंय, कुठला नट ढिला झालाय, कुठे तडा गेलाय. आमचे कारखान्यातले लोक म्हणतात, साफसफाई म्हणजेच तपासणी.”

हे त्यांनी सकाळी मीटिंगमध्ये म्हटलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. जपानी माणसाला ते ठाऊकच असतं. अनुवादात बहुतेक वेळा हेच राहून जातं, जे बोलणाऱ्याला बोलावंसं वाटत नाही.

हानी नमाजाहून परत आला. मी त्याला दारातच गाठलं. “हानी, इन्स्पेक्शनला अरबीत काय म्हणतात?”

“फहस.”

मला हसू आलं. सौदीत गाडी असलेल्या प्रत्येक माणसाला हा शब्द माहीत होता. दर वर्षी गाडी तपासून घ्यायची, ब्रेक, टायर, धूर, आणि काचेवर स्टिकर लावून घ्यायचा. त्याला सगळे फहसच म्हणत. फहसला गाडी घेऊन जायला कोणाला लाज वाटत नाही. उलट पास झाली की लोक फोन करून सांगत.

“तन्झीफच्या ऐवजी फहस म्हणू या?” मी म्हटलं.

हानीने दाढी खाजवली. “शब्द बदलायचा अधिकार आपल्याला नाही, जोशी.”

तो बरोबर होता. दुभाष्याने स्वतःचं डोकं चालवायचं नसतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं कलम. म्हणून मी मोरिता-सानकडे गेलो. फहस म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि परवानगी मागितली. त्यांनी खजुराची बी ताटात ठेवली.

“शब्द बदला,” ते म्हणाले. “काम बदलायचं नाही. हात काळे होतील, हे त्याच वाक्यात सांगायचं.”

अबू फैसल परत आले ते निरोप घ्यायच्या तयारीने. गहवा, म्हणजे तिकडची वेलचीची कॉफी, आला. मोरिता-सान बोलले, मी बोललो, हानी बोलला. महिनाभर रोज मशीनचं फहस. ते फडक्याने आणि हातानेच होतं. हात काळे होतील.

अबू फैसलनी कप खाली ठेवला. “फहस? मग सकाळी तन्झीफ का म्हणालात?”

“दोन्ही एकच आहे,” मोरिता-सान म्हणाले. “हात फिरवल्याशिवाय फहस होत नाही.” आणि त्यांनी मला सांगितलेली बोटीची गोष्ट त्यांना थोडक्यात सांगितली. अबू फैसल मान तिरकी करून ऐकत होते. बुचडा कापल्याचं आलं तेव्हा त्यांचा हात नकळत डोक्यावरच्या रुमालाकडे, गुत्र्याकडे, गेला.

“ती माणसं चांगल्या घरातली होती?” त्यांनी विचारलं.

“कमरेला दोन तलवारी लावण्याइतकी.”

“आणि गटारात उतरली?”

“बघायला उतरली.”

अबू फैसलनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, “मी दुसऱ्याच्या मुलाला सांगू शकत नाही. माझ्या मुलाला सांगू शकतो. सहात पहिलं नाव फैसलचं लिहा.”

त्यांचा मुलगा आधी यादीत नव्हता. तो बापाच्या ऑफिसात बसून मॅनेजर होणार होता. त्याला हे फोनवर कळलं तेव्हाचा आरडाओरडा हानीने ऐकला. माझ्या सुदैवाने त्याचा अनुवाद करायचा नव्हता.

करारावर सह्या झाल्या. सहा जण गेले, सहा महिन्यांनी आले. इन्स्टिट्यूट सुरू झाली. काही आठवड्यांनी मोरिता-सान पाहणीला आले आणि आम्ही सगळे रेल्वेने रियाधहून हुफूफला गेलो. वाटेत वाळूच वाळू आणि मग एकदम खजुराची हिरवी गर्दी. अबू फैसल खुशीत होते.

वर्कशॉप चकाचक होतं. लेथ मशीनच्या दोन रांगा. पांढऱ्या कोटातली मुलं प्रत्येक मशीनपाशी उभी, हातात पॅड आणि पेन. आणि त्यांच्यापुढे, मशीनखाली वाकून, फडकं मारणारा एक बांगलादेशी कामगार. तो पुसायचा, मुलं टिक करायची. तो पुढच्या मशीनला गेला की सगळे पुढे.

फहस चाललं होतं.

मोरिता-सान मुलांच्या हातातली पॅड बघत होते, अबू फैसल मोरिता-सानांकडे. मी आणि हानी दोघे पगारी माणसं, पण आम्हाला काही कामच नव्हतं. शब्द माझा होता.

फैसल पुढे आला. पंचविशीतला, आता बराच बारीक झालेला. तो सरळ मोरिता-सानशी जपानीत बोलू लागला. मोडकंतोडकं, पण जपानी. “पहिल्या आठवड्यात आम्ही मुलांना स्वतः करायला लावलं. दोघांचे वडील येऊन गेले. मग ऑफिसने या माणसाला पाठवलं. आमचं कोणी ऐकलं नाही.”

“ऑफिसने म्हणजे कोणी?” मोरिता-सानांनी विचारलं.

फैसलने वडिलांकडे पाहिलं नाही, पण उत्तर सगळ्यांना कळलं. अबू फैसलनी हानीला हळूच विचारलं, “काय म्हणतोय?” हानीने मला विचारलं. मी सगळंच्या सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

फैसलने कोटाच्या बाह्या वर केल्या, त्या कामगाराच्या हातातून फडकं मागून घेतलं आणि शेजारच्या लेथखाली हात घातला. आतून, मागून, जिथे बाहेरून फडकं पोचत नाही तिथे. हात कोपरापर्यंत काळा करून बाहेर काढला. पुन्हा घातला. मग मुलांना म्हणाला, “या. इथे बोट लावा.” एकाने लावलं. तेलाच्या नळीचा जोड ढिला होता, थेंब थेंब गळत होतं. त्याच मशीनच्या कागदावर सकाळी सगळीकडे बरोबरची खूण होती.

मुलं खाली वाकून बघू लागली. दुसऱ्याने शेजारच्या मशीनखाली हात घातला, बहुधा आपल्यालाही काही सापडतं का बघायला. तिसऱ्याने कोट काढून ठेवला.

तो कामगार माझ्याजवळ सरकला. नाव रफीक. “भाईसाब,” तो हळूच हिंदीत म्हणाला, “मेरी नौकरी गई क्या?”

हे मी कोणी न सांगताच अबू फैसलना इंग्रजीत सांगितलं. मीटिंगबाहेर कामापुरतं इंग्रजी त्यांना यायचं. ते मुलाच्या काळ्या हाताकडे बघत होते. “याची आई मला विचारणार,” ते पुटपुटले. मग रफीककडे वळून म्हणाले, “नोकरी आहे. बाहेरचा कॉरिडॉर, कॅन्टीन, सगळं तुझं. या खोलीत फक्त फडकी आणून ठेवायची.”

पुढच्या आठवड्यात एका मुलाचे वडील पुन्हा तक्रार घेऊन आले, असं हानीकडून कळलं. अबू फैसलनी त्यांना गहवा दिला आणि म्हणाले, “तुमचा मुलगा फहस करतोय. माझाही करतोय. चला, दाखवतो.” दोन मुलं इन्स्टिट्यूट सोडून गेली. बाकीची राहिली. फैसल मॅनेजर झाला नाही. वर्कशॉपचा प्रमुख झाला, आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलांना पुढे जुबैलच्या कारखान्यांत चांगल्या नोकऱ्या मिळाल्या. माझा इकामाही वाढून मिळाला, पण हुफूफच्या वर्कशॉपला जपानी दुभाष्याची गरज राहिली नाही. फैसल स्वतःच बोलायचा.

दुभाष्याच्या धंद्यात मी एवढंच शिकलो. योग्य शब्द सापडला की माणूस सही करतो. हात काळे करायला लागतात ते सहीनंतर, आणि तिथे कुठलाही शब्द चालत नाही.