दुकानाच्या माडीवरची माणसं

पहिला पुतळा मी पुण्यात पाहिला, एका हॉटेलच्या लॉबीत. चष्म्याच्या फ्रेमा बनवणाऱ्या कंपनीनं आम्हा दुकानदारांना बोलावलं होतं. आत भाषण चालू होतं, मी कंटाळून चहाचा कप घेऊन बाहेर आलो. समोर एक जाडा माणूस स्कूटरवर बसलेला. अंगाला झगझगीत गुलाबी रंग, दोन पायांमध्ये गॅसची टाकी, डोळ्यांवर भला मोठा गॉगल. सगळा फायबरचा.

माझं आधी लक्ष गेलं ते गॉगलकडे. नगरजवळ भिंगारच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे, आयुष्य लोकांच्या नाकाकानांकडे बघण्यात गेलं. चित्रात किंवा पुतळ्यात चष्मा असला की तो बहुधा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा असतो. इथं तसं नव्हतं. फ्रेम नाकाच्या हाडावर जिथं टेकायला हवी तिथंच टेकली होती. काडी कानामागं वळली होती आणि एका बाजूला अगदी थोडी वर होती, कारण माणसाचे दोन्ही कान कधी एका पातळीत नसतात. ज्यानं हे केलं त्यानं चष्मा लावलेल्या माणसाकडे मन लावून पाहिलं असणार, असं मला वाटलं. मी त्या स्कूटरवाल्याभोवती दोन-तीनदा फिरलो. चहा गार झाला.

काउंटरवरच्या मुलीनं चित्रकाराचं नाव सांगितलं. तो मुंबईत राहतो, त्याची सगळी माणसं अशीच भडक रंगांची आणि गॉगल घातलेली असतात, आणि एकेका पुतळ्याच्या ठरावीकच प्रती निघतात, हे मला नंतर कळलं. प्रती झाल्या की साचा मोडून टाकतात. प्रत्येकाच्या तळाशी नंबर कोरलेला असतो. मी घेतलेला पहिला पुतळा वीतभर उंचीचा होता: कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेला एक हिरवा म्हातारा. पार्सल दुकानात आलं तेव्हा मी शटर अर्धं ओढून ते उघडलं आणि म्हाताऱ्याला हातात धरून तळाचा नंबर बघितला. पन्नासांतला तेविसावा. उरलेले एकोणपन्नास कुणाच्या घरी असतील, असं तेव्हाही मनात आलं होतं.

संध्याकाळी मी तो पिशवीत घालून घरी नेला. बायकोनं पिशवीत डोकावलं आणि पिशवी पुन्हा बंद केली. घरी आम्ही दखनी बोलायचो, पण मला आता तिचं बोलणं मराठीतही जसंच्या तसं ऐकू येतं.

"घरात पुतळा नको," ती म्हणाली. "जिथं नमाज पढतो तिथं नको आणि जिथं जेवतो तिथंही नको. दुकानाच्या माडीवर ठेवा."

"मग तुझं काही म्हणणं नाही ना?"

"म्हणणं आहे. पण तुम्हाला दुसरा कुठला नाद नाही."

असा तो म्हातारा माडीवर गेला. त्याच्यामागून बाकीचे आले. निळा बँडवाला आला, गाल फुगवून पिपाणी वाजवणारा. टॉवेलनं केस पुसणारी जांभळी बाई आली. भिंतीवर एक मोठं चित्र आलं, बर्फगोळ्याच्या गाडीचं. त्यातला गोळेवाला गॉगलवरून आपल्याकडे बघतो. दुपारी बाजार मंदावला की मी जिना चढून वर जायचो आणि थोडा वेळ त्यांच्यात बसायचो. गावात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय सांगणार? एकदा एका जुन्या मित्राला वर नेलं, तर तो म्हणाला, "नातवासाठी घेतलंस का?" नातू मला नव्हताच. त्यानंतर कुणाला नेलं नाही.

बायको कधी माडी चढली नाही. पण दर काही महिन्यांनी ती तिची जुनी, मऊ झालेली सुती ओढणी घडी करून डब्यासोबत द्यायची. "तिकडं धूळ फार असते," एवढंच म्हणायची.

माझ्याकडचा सगळ्यांत मोठा पुतळा नंतर आला. एक केशरी बाई पिवळ्या सुटकेसवर बसलेली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. जवळजवळ खऱ्या बाईएवढी. तिच्या गॉगलच्या काचा आरशासारख्या होत्या, तिच्याकडे बघणारा त्यांत दिसायचा. त्या दिवशी जेवताना मी बायकोला तिच्याबद्दल सांगत राहिलो. ती भाकरी वाढता वाढता ऐकत होती.

"कुठं निघालीये ती?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"मग विचारा की तुमच्या चित्रकाराला. एवढं सामान घेऊन बसलीये, कुठंतरी निघालीच असेल."

मी कधीतरी विचारीन म्हणालो. मी चित्रकाराला कधी भेटलो नव्हतो, भेटेन असंही वाटत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात बायको आजारी पडली. मूत्रपिंडाचं दुखणं होतं आणि ते फार लवकर वाढलं. नगरच्या दवाखान्यात तिनं माझ्याकडून दुकानाच्या किल्ल्या कुठं ठेवल्यात ते विचारून घेतलं, मुलीचा फोन आला का ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. मुलगी मस्कतहून आली, चाळिसावा होईपर्यंत राहिली, जाताना म्हणाली, "अब्बा, तुम्ही माझ्याकडं चला." मी दुकानाचं कारण सांगितलं. तिलाही तेच अपेक्षित होतं.

आता घरात पुतळा आणायला कुणाची हरकत नव्हती. एका संध्याकाळी मी ट्रान्झिस्टरवाल्या म्हाताऱ्याला पिशवीत घालून घरी घेऊन गेलो. फळीवरचे डबे सरकवून त्याला जागा केली. मेसचा डबा उघडून समोर जेवायला बसलो. दोन घास खाल्ले आणि मला ते बरं वाटेना. घर तिचंच होतं अजून. तिनं नको म्हटलेली गोष्ट ती नसताना करायची, हे काही जमेना. सकाळी मी त्याला परत दुकानात नेलं. त्यानंतर माझे दिवस असेच दोन जागी वाटले गेले. घरी ती नव्हती, आणि माडीवर जे होते ते बोलणारे नव्हते. गिऱ्हाइकांशी मी दिवसभर बोलायचो, पण ते बोलणं म्हणजे, "आता हे अक्षर दिसतं का? आणि आता?"

मग एक दिवस मुंबईच्या ज्या गॅलरीतून मी पुतळे मागवायचो तिथून फोन आला. पुण्यात त्या चित्रकाराच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन होतं. सुटकेसवाल्या बाईच्या बाकीच्या प्रती कुठं परदेशात, कुठं उन्हानं रंग उडालेल्या. माझ्याकडची चांगली आहे का, आणि काही दिवस देता येईल का, असं फोनवरची बाई विचारत होती. माझ्याकडच्या माणसांबद्दल कुणी मला काही विचारलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी लगेच हो म्हणालो.

टेम्पो आला. खोक्यात घातलेली बाई जिन्यातून उतरेना. शेवटी खोक्यातून काढून, गोधड्यांत गुंडाळून, दोरानं खिडकीतून खाली सोडली. अर्धा बाजार गोळा झाला. देवळाली प्रवराहून चष्मा न्यायला आलेला एक म्हातारा शेतकरी माझ्याशेजारी उभा होता. गोधडीतून केशरी चेहरा आणि गॉगल बाहेर आला होता.

"भाई, ही कोन हाय वो?"

"पाहुणी आहे."

"लई दिवस हुती व्हय तुमच्याकडं?"

"हो, बरेच दिवस."

"मंग आता सुनं सुनं वाटंल," तो म्हणाला आणि नव्या चष्म्यातून टेम्पोकडे बघत राहिला.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं पुण्याला गेलो. मोठा पांढरा हॉल, भरपूर माणसं, जोरात गप्पा. माझी बाई मधोमध एका चौथऱ्यावर बसवली होती, वरून दिवा सोडला होता. खालच्या पाटीवर पुतळ्याचं वर्ष आणि 'खासगी संग्रह' एवढं लिहिलेलं. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. घरच्या माणसाच्या लग्नात जावं आणि तिथं आपल्याला कुणी ओळखू नये, तसं झालं. एक तरुण मुलगी मैत्रिणीचा फोटो काढत होती. "काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय," ती म्हणाली. मी बाजूला झालो.

फोनवर बोललेल्या बाईनं मला शोधून काढलं आणि चित्रकाराकडे नेलं. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, धुऊन विटलेला शर्ट. त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि तो सारखा बोटानं वर ढकलत होता.

"नगरला आहे होय ही," तो म्हणाला. "कुठं ठेवलीये?"

"दुकानावरच्या खोलीत."

"कोण बघतं तिथं?"

"मी बघतो."

त्यानं मान हलवली. चष्मा पुन्हा घसरला. मग मीच म्हणालो, "तुमची काडी सैल झालीये. द्या इकडं." बारका स्क्रू-ड्रायव्हर माझ्या खिशात कायम असतो. त्यानं चष्मा काढून दिला. मी भिंतीशी असलेल्या बाकावर बसून स्क्रू आवळू लागलो, तो शेजारी बसला. चष्म्याशिवाय त्याला फारसं दिसत नसावं, माझ्या अंदाजानं नंबर मोठा होता. समोरची गर्दी त्याला नुसती रंगीत दिसत असेल. अशा वेळी माणसं मोकळी बोलतात, हे मी दुकानात पुष्कळदा पाहिलंय.

"एक विचारायचं होतं," मी म्हणालो. "ती कुठं निघालीये?"

"निघालेली नाही. आलेली आहे," तो म्हणाला. "माझी मावशी आहे ती. मुंबईहून आमच्या गावी आली होती, कायमची, नवऱ्याला सोडून. स्टँडवर आमच्या घरून कुणीतरी न्यायला यायचं होतं."

"मग?"

"कुणी गेलं नाही. माहीत होतं सगळ्यांना, पण कुणी गेलं नाही. दिवसभर ती सुटकेसवर बसून राहिली आणि दिवेलागणीला चालत घरी आली. गॉगल घालूनच. आम्हा पोरांना वाटलं, मावशी काय फॅशन करते. आम्ही हसलो. तिनं तो काढला नाही. डोळे सुजले असतील, हे मला फार नंतर कळलं."

मी चष्मा त्याच्या हातात दिला. तो त्यानं लावला, मान हलवून पाहिली. "आता बसला," म्हणाला. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो उठून गेला.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच होतं, की घरी जाऊन हे सांगायचं. भिंगारला उतरलो, चालत घरापर्यंत आलो, कुलूप काढलं. 'अगं, ती निघालेली नाही, आलेली आहे,' हे वाक्य मी तोंडात तयार करून आणलं होतं. दार उघडल्यावर ते तसंच राहिलं. मी पायातल्या चपला काढून स्वयंपाकाच्या ओट्याजवळ जाऊन उभा राहिलो. बायको गेल्यावर माणसांनी पुष्कळ विचारपूस केली होती, तेव्हा मी धीरानं उत्तरं दिली होती. त्या संध्याकाळी मला रडू आलं.

मुलीला फोन केला तर ती कामात होती. नंतर तिनं उलटा फोन केला तेव्हा मी तिला मावशीची गोष्ट सांगितली. "किती वाईट," ती म्हणाली. "पण अब्बा, प्रदर्शनात जेवायला होतं ना? उपाशी नाही ना आलात?" तिला ती नुसती चित्रकाराची गोष्ट वाटली. आईनं काय विचारलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि मला फोनवर ते सांगता आलं नाही.

महिनाभरानं बाई परत आली, पुन्हा दोरानं, पुन्हा खिडकीतून. मी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं.

त्याच पावसाळ्यात माझी थोरली बहीण दुकानात आली. आपा नगरच्या जुन्या वस्तीत मुलाकडे राहते. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा करायचा होता. खाली लाईट गेलेली, गर्दी, उकाडा. वर वारा असतो म्हणून ती माझ्या हाताला धरून जिना चढली. दारात थांबली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं तिनं एकेकाकडे पाहिलं.

"तुझ्या बायकोनं सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "मला वाटलं, लहान बाहुल्या असतील."

"चला खाली, आपा."

"माझे गुडघे आता लगेच उतरायचे नाहीत." तिनं खुर्ची धरली, फिरवून पुतळ्यांकडे पाठ केली आणि बसली. "चहा मागव. साखर कमी."

ती तासभर बसली. सुनेचं, दुधाचं, गुडघ्यांचं बोलली. पुतळ्यांबद्दल एक शब्द नाही. चष्मा तयार झाल्यावर ती न्यायला आली, तेव्हाही वर आली. नंतर चष्म्याचं काही काम नसतानाही येऊ लागली. रिक्षावाल्याला खाली थांबवते, वर येते, खुर्ची फिरवते. हे ठेवणं बरोबर नाही असं तिला आजही वाटतं, आणि ती ते लपवत नाही. मी तिच्यासमोर बसतो, म्हणून तिच्या खांद्यावरून मला सगळे दिसतात.

काल येताना तिनं डब्यात शेवया आणल्या होत्या. झाकण काढून डबा माझ्याकडे सरकवला.

"खा," म्हणाली. "गार झाल्या की गोळा होतो."