नवा अल्बम आणि डॉक्टरचा कान

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलेलं नाही. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्याची डॉक्टरकी. बेअरिंग धडधाकट असेल तर एकसारखी घरघर ऐकू येते. बिघडायला लागलं की त्या घरघरीच्या वर एक बारीक शिट्टी निघते, केसासारखी. ती ऐकू आली की खडूनं फुली, मशीन बंद. नाही आली की बरोबरची खूण, आणि मग माणसं दिवसभर त्या मशीनमध्ये हात घालून काम करतात. एकदा खूण चुकली होती, डॉक्टरच्या आधीच्या माणसाची. बेअरिंग फुटलं, पट्टा उडाला. त्या मशीनवरच्या बाईंच्या डाव्या हाताला आज तीनच बोटं आहेत.

एकोणीस मशिनी आहेत. चार नंबरवर त्याची भाची उभी असते. बहीण गेल्यावर यानंच तिला वाढवली आणि यानंच तिथं लावून दिली.

त्याचं दुसरं वेड म्हणजे एक जुना हेवी रॉक बँड. चार म्हातारे, दोघांची सत्तरी उलटलेली. हा सतराव्या वर्षी त्यांच्या नादी लागला, आज एक्कावन्नचा आहे. मला विचाराल तर ते संगीत म्हणजे भांड्यांचं दुकान जिन्यावरून गडगडत खाली यावं तसं आहे. पण गेल्या रविवारी दुपारी मीही ते पूर्ण ऐकलं, कारण अडकलो. आमच्या मोर्चाचे फलक रंगवणाऱ्या पेंटरकडे फलक न्यायला गेलो, तर दुकानात सात जण खाली मान घालून बसलेले. बँडचा नवा अल्बम आला होता, अकरा वर्षांनी. पेंटरनं ओठावर बोट ठेवून मला रंगाच्या डब्यावर बसवलं.

या मंडळींचा एक नियम आहे. अल्बम पहिल्यांदा ऐकताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. मग सगळ्यात जुना चाहता आधी बोलणार, बाकीचे त्याच्यानंतर. सगळ्यात जुना म्हणजे डॉक्टर. मागच्या अल्बमला गणिताच्या बाई तिसऱ्याच गाण्याला ‘वा’ म्हणाल्या, तर हा सहा महिने त्यांच्याशी बोलला नव्हता.

पहिल्या गाण्याला डॉक्टरचा गुडघा हलत होता. दुसऱ्याला थांबला. पुढची चाळीस मिनिटं तो स्पीकरकडे असा बघत होता, जणू घरात चोर शिरलाय आणि कोणत्या खोलीत आहे ते कळत नाही.

अल्बम संपला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले.

“झांजा कुठं आहेत?” तो म्हणाला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“अरे, ड्रमवाल्यानं झांजेला हात तरी लावलाय का? नुसतं धबधब, धबधब. गादी झोडपतोय म्हातारा. वरचा आवाज सगळा छाटून टाकलाय. अकरा वर्षं वाट बघितली ती घोंगडीखालून गाणी ऐकायला?”

पेंटर हळूच म्हणाला, “डॉक्टर, मस्करी करतोयस ना?”

“मी कधी मस्करी केली यांच्याबाबत?”

“अहो, झांजांनीच तर माझं डोकं उठलंय,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या गाण्यात तर थांबायचं नावच नाही.”

“बाई, तुम्ही गणित शिकवा.”

“शिकवते की. सात जण ऐकायला बसले, सहांनी ऐकलं. उरला तो कोण, तुम्हीच सांगा.”

सगळे हसले. डॉक्टर उठला, चपलेत पाय घालताना दोनदा चुकला आणि गेला.

तिथंच गप्प बसला असता तर तो डॉक्टर कसला! घरी जाऊन त्यानं चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर ठोकून दिलं: ‘झांजा गायब. ड्रमरनं आता नातवंडं सांभाळावीत.’ तासाभरात पानावर रणकंदन. एरवी त्या पानावर कुणाचं कुणाशी पटत नाही. कुणाला नवी गाणी संथ वाटली, कुणाला गायकाचा आवाज थकलेला वाटला, कुणी तर रडलो म्हणून लिहिलं. झांजांच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत. ‘काका, स्पीकरवरची उशी काढा.’ ‘यांचा अल्बम पोत्यात बांधून आला वाटतं.’ ‘झांजा फार झाल्या म्हणून मी दोन गुण कापले, आणि हे म्हणतात नाहीतच!’

पुढचं मला भाचीनं सांगितलं. डॉक्टर मोबाइल घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होता. एकदम ओरडला, “हे बघ! आहे एक जाणकार! म्हणतोय, ‘दादा, शंभर टक्के बरोबर. मलाही झांजा कुठं दिसल्या नाहीत.’”

“बघू कोण आहे,” म्हणून भाचीनं त्या माणसाची माहिती उघडली आणि मोठ्यानं वाचली, “चाळीस वर्षं बॉयलर विभागात. निवृत्त.”



“मामा, कान दाखवून येऊ.”

“माझे कान ठणठणीत आहेत. थांब, दाखवतोच तुला.” त्यानं बँडची पहिली रेकॉर्ड काढली. चौतीस वर्षं घासलेली. लावली, डोळे मिटले, आणि चेहरा उजळला. हवेत बोट नाचवत प्रत्येक झांज दाखवायला लागला. “ही एक. ही दुसरी. आता बघ, आता येईल ती मोठी. ही! ऐकलीस? जुन्यात येते आणि नव्यात येत नाही, मग दोष कुणाचा?”

 भाची रेकॉर्डच्या यंत्रापाशी उभी होती.

“बोल ना!”

“मामा, बारीक आवाजाचं बटण मी सुरुवातीलाच पूर्ण बंद केलंय. झांज वाजतच नाहीये. मलाही ऐकू येत नाहीये.”

त्याचं बोट हवेतच राहिलं. रेकॉर्ड त्याला पाठ होती. तो कानानं ऐकतच नव्हता.

मला इथं राग आवरत नाही, तेव्हा बोलूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही युनियनवाले त्या कारखान्याच्या दाराशी नऊ दिवस धरणं धरून बसलो होतो. कानात घालायला बोळे द्या आणि वर्षातून एकदा सगळ्यांचे कान तपासा, एवढंच मागणं होतं. बोळे मिळाले, तपासणी साहेबलोकांनी गिळली. आणि हा बहाद्दर आम्हालाच हसला होता. “ज्या कानांनी यांचे ड्रम पचवले, त्यांना बाटल्या काय करणार?” त्याच्या वाट्याच्या बोळ्यांचं पाकीट त्यानं फोडलंसुद्धा नाही. आता दोष ड्रमचा की बाटल्यांचा, यावर साहेब खुशाल वाद घालतील. मी घालणार नाही. दिवसाचे आठ तास तो बाटल्यांतच असतो.

सोमवारी सकाळी कामाच्या आधी तो नेहमीसारखा निघाला. एक नंबर, स्क्रूड्रायव्हर, हाड, डोळे बंद. घरघर. दोन नंबर, घरघर. तीन नंबर, घरघर. गेले कित्येक आठवडे एकाही मशीनवर फुली पडली नव्हती आणि यंदा मशिनी गुणी झाल्यात म्हणून तो मिरवत होता. चार नंबरपाशी त्याच्या कपाळावर घाम आला. घरघर आणि वर काहीच नाही. काहीच नाही म्हणजे मशीन ठीक, की कान गेला? त्यानं मूठ इतकी दाबली की हाडावर वळ उठला. खडू वर नेला, खाली आणला. मागं भाची बाह्या सरसावून उभी.

“खूण कर ना मामा, भोंगा होईल.”

“इकडं ये.” त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ तिच्या कानामागं टेकवली. “डोळे मीट. घरघर ऐकू येतेय? ती सोडून दे. तिच्या वर काही आहे का?”

तिनं बराच वेळ लावला. “आहे काहीतरी. बारीक. डास गुणगुणतो तसं.”

“नक्की?”

“मामा, दातांत येतंय माझ्या.”

त्यानं चार नंबरवर फुली मारली. भोंगा झाला. मशीन सुरू होईना म्हणताच सुपरवायझर धावत आला. “डॉक्टर, काय लावलंय? शुक्रवारी तूच या मशीनला बरोबरची खूण दिलीस ना?”

“दिली. चुकलं.”

“चुकलं म्हणजे?”

चार नंबरच्या अवतीभवती माणसं जमली होती. तीन बोटांच्या बाईही होत्या. ज्या माणसानं आयुष्यात एका गाण्याबद्दलसुद्धा माघार घेतली नाही, तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मला शिट्टी ऐकू येत नाही. हिला आली.”

“कधीपासून येत नाही?”

 हाच प्रश्न डॉक्टरला रात्रभर कुरतडत होता. महिना? वर्ष? किती खुणा खऱ्या, किती पाठ केलेल्या?

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मग तो एक नंबरकडे गेला आणि शर्टाच्या बाहीनं तिथली बरोबरची खूण पुसून टाकली. दोन नंबरची पुसली, तीनची पुसली. सुपरवायझर मागून ओरडत होता, “अरे, सगळी लाइन बंद पडेल! तुझी नोकरी जाईल, कळतंय का?” त्याला हे ऐकू येत होतं, जाडाभरडा आवाज त्याला अजून येतो. पण तो थांबला नाही. पाच नंबर, सहा नंबर, तिथं अजून शुक्रवारच्याच खुणा होत्या, त्याही पुसल्या. एकेका मशीनवरची माणसं हात बाहेर काढून मागं सरत होती आणि तो पुढच्या मशीनकडे जात होता.