कडा आधी बघणारे वानखेडे काका

एक्स-रे समोर आला की वानखेडे काका चष्मा कपाळावर ढकलत, नाक पडद्याला लागेल इतकं जवळ नेत आणि आधी चारही कडा बघत. छाती मागाहून. "चोर अंगणात बसत नसतो बाप्पा, कुंपणाशी दडतो," म्हणायचे.

अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत मी छातीच्या एक्स-रेवरचे संशयास्पद डाग शोधणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. त्याला शिकवायला आधी माणसाने हजारो चित्रांवर डागाभोवती रेघ ओढून द्यावी लागते. नागपुरात जन्मभर एक्स-रे वाचून आता लेकीकडे राहायला आलेले काका ते काम करत. मी मुळातला घाबरट. आपला प्रोग्रॅम चुकला तर कुणाचा तरी बाप जाईल, या विचाराने मला घास उतरत नसे. काका त्यांचा डबा माझ्याकडे सरकवत. "भिऊन राहिला तू, ते बरंच आहे. ज्याला भीती नाही त्याच्या हाती फिल्म देऊ नये."

तरीही चूक माझ्याच हातून झाली. एक्स-रेच्या कडेला हॉस्पिटलची अक्षरं असतात. प्रोग्रॅम फुप्फुस सोडून तीच ओळखायला लागला; ज्या हॉस्पिटलात या आजाराचे रुग्ण जास्त, तिथलं अक्षर दिसलं की आजार सांगून मोकळा. मी सरसकट सगळ्या कडा कापून टाकल्या. निकाल सुधारले, ऑफिस खूश. काका तेवढे कुरकुरले, "फुप्फुसाचा शेंडाही गेला नं थोडा."

"काका, सोमवारचा डेमो होऊ दे, मग फिक्स करतो," मी म्हणालो.

काकांचा खोकला तेव्हा महिनाभर हटत नव्हता. शुक्रवारी ते स्वतःचाच एक्स-रे घेऊन आले. डॉक्टरांचा रिपोर्ट अजून यायचा होता. "दाखव तुझ्या प्रोग्रॅमला."

प्रोग्रॅम म्हणाला, नॉर्मल. मला इतकं हायसं वाटलं, की मी टाळीसाठी हात पुढे केला. काकांनी तो घेतला नाही.

"आता पूर्ण फिल्म लाव."

चष्मा वर गेला. चित्राच्या वरच्या टोकाला, मी कापून टाकलेल्या पट्टीतच, बोराएवढा डाग होता. काकांनी माउस घेतला, नेहमीच्या संथपणे त्याभोवती रेघ ओढली आणि सेव्ह केलं.

"अक्षरं झाक. कापू नको," म्हणाले. "आणि हे चित्र ठेव तुझ्याजवळ. परवानगीची सही करून देतो मी."

डेमो मी कॅन्सल केला. आठ महिन्यांनी काका गेले.

आता प्रत्येक नव्या व्हर्जनला पहिलं चित्र त्यांचंच दाखवतो. उत्तर येईपर्यंत पडद्याजवळून हलत नाही. मग वरच्या कडेला, काकांच्या रेघेवरच, प्रोग्रॅमचा लाल चौकोन उमटतो. काका पुन्हा एकदा आजारी ठरतात. मला आनंद होतो, आणि त्या आनंदाची दर वेळी लाज वाटते.