ताटात धुतलेला हात

कोल्हापुरात ताईकडे गेले होते. दाजींनी सकाळभर हौसेनं राजवाडा दाखवला आणि दुपारी मटणाच्या खानावळीत नेलं. "वाढ की अजून, लाजाय लागलीया ती!" म्हणत वाढप्याकडून माझं ताट भरून घेतलं. स्वतःचं जेवण उरलं, तर त्यांनी त्या ताटातच हात धुतले. लाल तवंगात भाकरीचे तुकडे फुगून तरंगायला लागले. शी! त्यावर चूळ टाकायचीच काय ती बाकी होती. आपल्याकडे ताट भरलेलं दिसलं की झालं; अन्न पोटात जातं की मोरीत, कोण बघतो? संध्याकाळी तळ्याकाठी बसलो, तर पाण्यावरही मला तो तवंगच दिसत राहिला. दाजींनी विडा आणला आणि त्याच हातानं मायेनं माझ्या तोंडापुढे धरला. मी तोंड उघडलं.