हिरवी झाक

मुलांनो, कुठलीही वस्तू मान वाकडी केल्याशिवाय खरी दिसत नाही, असं ठाम मानणारा माणूस अख्ख्या बोरिवलीत एकच आहे आणि तो आमच्या समोरच्या दारात राहतो. मागच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा पार्किंगमध्ये सांडलेल्या तेलाभोवती फेऱ्या मारणारे आजोबा, ते हेच. मी त्यांना भाऊजी म्हणते. मूळचे मालवणकडचे. उभं आयुष्य चारकोपच्या एका कारखान्यात चष्म्याच्या काचांवर कोटिंग चढवण्यात गेलं. ते कोटिंग केसापेक्षा शेकडो पट पातळ असतं, आणि ते नीट बसलंय की नाही हे भाऊजी नुसत्या डोळ्यांनी सांगत.

एका जागी बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. चहा चालत चालत पितात. मी भांडी घासत असले की न विचारता स्वयंपाकघरात येतात आणि म्हणतात, "वहिनी, नळ सोडू नका, हा साबणाचा फुगा आधी फुटू दे." मग मान डावीकडे, मान उजवीकडे. "बघा, वरून काळा पडत चाललाय. पातळ झाला. आता जाईल." आणि फुगा जातो. स्टीलचं भांडं तापून त्यावर निळे-जांभळे डाग पडले, की ते बायकोला घासूच देत नाहीत. ती बिचारी भांडं घेऊन माझ्याकडे येते. "वहिनी, ह्यांका जरा सांगा. माझा कोण ऐकता? करपलेल्या टोपाचा कौतुक करणारो ह्यो एकच घोव."

फिजिक्सशी माझं कधी पटलं नाही, तरी भाऊजींनी मला एवढं समजावलंच. पातळ थरावर प्रकाश पडला, की थोडा वरच्या वरूनच परततो. थोडा आत जातो, तळाला टेकून परत येतो आणि या हेलपाट्यात जरा मागे पडतो. बाहेर दोघांची गाठ पडते. झोपाळ्याला दोघांनी एका तालात धक्का दिला तर तो उंच जातो. एकाने पुढून आणि दुसऱ्याने मागून एकदम ढकललं तर जागचा हलत नाही. प्रकाशाच्या लाटांचंही तसंच. कुठल्या रंगाचे धक्के जुळायचे आणि कुठल्या रंगाचे एकमेकांना गिळायचे, ते थराची जाडी ठरवते. चष्म्याच्या काचेवर हा थर असा बेतलेला असतो की परतणारा प्रकाश जवळजवळ सगळा गिळला जातो. उरते ती फिकट हिरवी झाक. ती झाक जरा हलली, की भाऊजी माल परत पाठवत.

निवृत्त झाल्यावरही दर मंगळवारी ते कारखान्यात जात. तिथे आता झाक मोजणारं यंत्र आहे, त्याचा ग्राफ निघतो. पण मालकाचा विश्वास भाऊजींवर. नमुन्याची काच शेजारी ठेवून ताडून बघायची असते म्हणे, भाऊजींना तो अपमान वाटे. "नमुना इथे आहे," म्हणून कपाळावर टिचकी मारत.

यंदा उन्हाळ्यात त्यांचं काहीतरी बिनसलं. बायकोने साबण बदलला म्हणून तक्रार. जिन्यातले दिवे पिवळे लावले म्हणून वॉचमनशी वाद. माझे पडदे मळले म्हणाले, तेव्हा मला रागच आला. ते मी आदल्याच दिवशी धुतले होते. दिवसातून चारदा येत, उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलत आणि जात. मलाही मग हातातलं काम सुचेना.

एका बुधवारी सकाळी आले ते खिशात कागदात गुंडाळलेली काच घेऊन. आदल्या दिवशी त्यांनी सगळा माल नापास केला होता. मशीनवर एक मुलगी आहे, नालासोपाऱ्याहून येते. ती म्हणत राहिली, "काका, ग्राफ बरोबर आहे ना." भाऊजी म्हणाले, "ग्राफला डोळे आहेत का गं?" सलग तिसरा माल नापास झाल्यावर मालकाने तिला सांगितलं, उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही, पॅकिंगला बस.

"पोरगी हुशार आहे, वहिनी. हात असा कसा बिघडला तिचा?" ते दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होते. "बघा, पिवळी मारतेय."

मी काच तिरपी धरली. "मला हिरवी दिसते."

"नीट बघा."

"भाऊजी, तुम्ही आधी पास केलेली एखादी जुनी काच आहे घरी? ती शेजारी ठेवू."

ते कुरकुरत गेले आणि घेऊन आले. खिडकीत दोन्ही शेजारी धरल्या. दोन्ही सारख्याच.

"जुनी पण पिवळी झाली," ते म्हणाले. मग एक डोळा मिटून पाहिलं. मग दुसरा. पुन्हा पहिला. आणि माझ्या खुर्चीवर बसले.

मग म्हणाले, "या डोळ्याने पिवळी. त्या डोळ्याने जास्त पिवळी."

जेवायलाही थांबले नाहीत, तसेच चारकोपला गेले. पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणाले, "माल बरोबर आहे गं. मोतीबिंदू माझा आहे." ती त्याच दुपारी मशीनवर परत गेली. तिनेच म्हणे त्यांना रिक्षात बसवून दिलं.

डॉक्टरांनीही मोतीबिंदूच सांगितला, त्यानेच सगळं पिवळट दिसत होतं; दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता निळा रंग इतका दिसतो की गोराईच्या खाडीकडे बघवत नाही म्हणतात. मालकाने पुन्हा बोलावलं, पण गेले नाहीत. वरवर सगळं ठीक आहे. फक्त एक हिशेब त्यांच्या डोक्यातून जात नाही. चांगला माल परत गेला, तो पुन्हा तपासता आला. पण मोतीबिंदू कधीपासून उतरत होता? त्या काळात खरोखर बिघडलेला माल बरोबर समजून किती सोडला? म्हणून लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, बँकेच्या रांगेत, चष्मा दिसला की हे मान वाकडी करून उभे. लोक चमकतात.

परवा माझ्याकडे आले. माझाही चष्मा तिथलाच, त्यांनीच आणून दिलेला, दोन वर्षांपूर्वी. म्हणाले, "वहिनी, बघू जरा?"

मी काढून दिला. ते खिडकीपाशी गेले. मान डावीकडे, मान उजवीकडे.

"बरोबर आहे," म्हणाले शेवटी.

चष्मा त्यांच्या हातात होता. म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला नाही.