एका 'व्हय'वर उभं राहिलेलं गाऱ्हाणं

"हॉस्पिटलात गेली तेन्नाच ती अर्धी सोपली गे..." आतेच्या बाराव्याला, कोरगावच्या घरी, मागच्या पडवीत केळीची पानं पुसताना शेजारची काकी कुणाला तरी सांगत होती. अर्धी संपली म्हणे! मी दाराआड उभी होते. नेहमीसारखी गप्प.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. चवथीला गणपतीसमोर घराचं गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडचं मागणं, पुरुषांनी घालायचं, पण आमच्याकडे ते आते घालायची. तिच्या एकेका मागणीला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, तरच पुढची मागणी. मी नुसते ओठ हलवायचे.

मग तिच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशनात रक्त कमी जावं म्हणून आधी जांघेतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करणार होते. त्यातला धोका डॉक्टरांनी सांगितला होता... आणि नेमकं तेच झालं. रक्त अडवणारं औषध थोडं भलत्या वाहिनीत गेलं. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. पुढे गाठ अख्खी निघाली, पण तोंडात शब्द उरला एकच.

"आते, चहा हवा?"

"व्हय."

"नको?"

"व्हय!" आणि स्वतःच चिडून, मग हसत सुटायची.

त्या चवथीला, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली, बाबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले आणि मध्येच अडले. आतेने डाव्या हाताने जमिनीवर थाप मारली, बोट माझ्याकडे.

"मला नाही येत गं, आते."

"व्हय!"

मी पुटपुटले, "बा देवा म्हाराजा..." आतेने ओठ घट्ट मिटले. बाकीच्यांनाही हाताने थांबवलं. ऐकू येईना, तर उत्तर नाही! मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. शेवटी रडवेली होऊन ओरडलेच, "आमच्या आतेक बरी कर रे म्हाराजा!"

"व्हय..." ती म्हणाली. तिचा जबडा नुसता हलत राहिला. सगळे थांबले. "...म्हा-रा-जा!"

बाबा लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

त्या शब्दामागून बाकीचे आले, वाकडेतिकडे, पण आले. पुढे दोन काजूचे हंगाम तिने बागायतीत उभं राहून गड्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. गेली ती झोपेत, हृदय थांबून.

मी दार ढकलून पडवीत आले. काकीने वर पाहिलं.

"काकी, आमची आते शेवटपर्यंत पुरी होती," मी म्हटलं, मागच्या आंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "म्हणा, व्हय म्हाराजा!"